कुलूपबंद गोदाम आणि तीन रंगांचे खण

खून कोणी केला हे मला आधी कळू नये, एवढीच माझी मागणी होती. सोसायटीकडे याहून लहान मागणी आजवर कोणी केली नसेल. गळकी गच्ची, पाण्याचा पंप, गाड्या लावायची जागा, कशाबद्दलही मी कधी तोंड उघडलेलं नव्हतं. तरीही या एवढ्याशा मागणीपायी आमच्या इमारतीत सभा झाली, समिती बसली, जिन्याखालच्या कपाटाला तीन रंग लागले, विजेची बिलं बिघडली, आणि माझे गुडघे कुरकुरत असताना मला लिफ्टशी अबोला धरावा लागला.

आमच्या जिन्याखाली, विजेच्या मीटरांना लागून, एक लोखंडी कपाट आहे. पूर्वी त्यात आग विझवायच्या वाळूच्या बादल्या असत. वाळू कोणीतरी बांधकामाला नेली, बादल्या कोणीतरी झाडांना नेल्या, आणि कपाट रिकामं पाहून लोक त्यात घरातली नको झालेली पुस्तकं ठेवू लागले. आमच्या सचिवांनी त्याला लगेच वाचनालय म्हणून जाहीर केलं. सचिव तिसऱ्या मजल्यावर राहतात. सगळी हयात त्यांनी एका मोठ्या कचेरीत फायली वर चढवण्यात आणि खाली उतरवण्यात घालवली. शेरा नसलेला कागद त्यांना उघडाबोडका वाटतो. त्यामुळे त्यांनी अशी पद्धत घालून दिली की, जो कोणी पुस्तक वाचेल त्यानं मुखपृष्ठाच्या आत एक चिठ्ठी चिकटवावी आणि पुढच्या वाचकाच्या माहितीसाठी आपलं मत लिहावं.

पद्धत चांगली होती. लोक वाईट होते असंही नाही. पण माहिती द्यायची म्हटल्यावर आमच्या इमारतीतला माणूस हात राखून देत नाही. एका प्रवासवर्णनात चिठ्ठी होती, 'लेखक सुखरूप परत येतो, काळजी नसावी.' एका प्रेमकथेत होती, 'लग्न होत नाही. उगाच वाट पाहू नये.' आणि हे सगळं मुखपृष्ठाच्या आत, म्हणजे दार उघडताच समोर.

आता माझ्याबद्दल थोडं. मी रंगारी. म्हणजे होतो; आता मुलगा तो धंदा बघतो, आणि त्याला 'रंगारी' म्हटलेलं चालत नाही, त्याच्या कार्डावर 'सजावट सल्लागार' आहे. मी लोकांच्या भिंती आयुष्यभर रंगवल्या, पण त्या भिंतींवर काय लिहिलंय ते मला वाचता येत नव्हतं. काम सुटल्यावर बायकोनं मला अक्षरं शिकवली. पाटी-पुस्तक नाही, माळ्यावरचे रंगाचे जुने डबे काढून त्यांच्यावरची नावं वाचायला लावली. तेव्हा कळलं की ज्याला मी उभा जन्म 'फिका पिवळा' म्हणत आलो, त्याचं खरं नाव 'पहाटेचं स्वप्न' होतं. मी लोकांच्या संडासांना पहाटेची स्वप्नं लावत हिंडत होतो.

अक्षरं येत नव्हती तेव्हा, कामासाठी घरापासून दूर असताना, माझी पत्रं दुसरे वाचायचे. भावाचं पत्र यायचं, पाठपोट भरलेलं. वाचणारा ते आधी मनात वाचायचा. वाचताना मध्येच हसायचा, मध्येच भुवया वर करायचा. मग पत्राची घडी घालून सांगायचा, "सगळे बरे आहेत, बहिणीला मुलगी झाली." मी विचारायचो, "एवढ्या मोठ्या पत्रात आणखी काय लिहिलंय?" तो म्हणायचा, "बाकी काही विशेष नाही."

मला आयुष्यभर लोकांनी शेवटच सांगितला. मला ते बाकीचं, काही विशेष नसलेलं, वाचायचं होतं.

म्हणून मी कपाटातलं सगळ्यांत जाड पुस्तक निवडलं; त्याच्या तीन-चार प्रती कपाटात जमल्या होत्या. नाव 'कुलूपबंद गोदाम'. दोरखंडाचा एक व्यापारी स्वतःच्याच गोदामात मेलेला सापडतो आणि गोदामाला कडी आतून असते. संशय पाच जणांवर: भागीदार, मुनीम, डॉक्टर, विधवा आत्या आणि गोदामाचा पहारेकरी. बायकोनं ते दीड दिवसात वाचून संपवलेलं होतं. ती वाचते म्हणजे पुस्तक पिते. मी मात्र भिंत घासल्यासारखा वाचतो, एका कोपऱ्यापासून, बोट लावून, जागा न सोडता. दिवसाला दोन पानं झाली तरी मी खूश.

बायकोनं एक उपकार केला. पुस्तक माझ्या हातात देण्याआधी तिनं मुखपृष्ठाच्या आतल्या सगळ्या चिठ्ठ्यांवर जुन्या कॅलेंडरचा कागद खळीनं चिकटवून टाकला. पण तिचा स्वतःचा चेहरा कशानं झाकणार? त्या चेहऱ्यावर काही लपत नाही. मी मुनिमाचं नाव घेतलं की ती ओठ दाबायची, आत्याचं नाव घेतलं की खिडकीबाहेर बघायची. शेवटी आम्ही असं ठरवलं की मी वाचत असताना तिनं माझ्याकडे पाठ करून बसायचं. मुलगा एकदा दुपारी अचानक आला, तर एका खोलीत आई एका भिंतीकडे आणि बाप दुसऱ्या भिंतीकडे तोंड करून बसलेले. त्यानं हळूच विचारलं, "भांडण झालंय का तुमचं?"

घरातला बंदोबस्त असा पक्का झाला. धोका बाहेर होता.

तळमजल्यावर दाताच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना आहे. त्या स्वभावानं लाघवी आणि बोलक्या. माझ्या दाढेत खड्डा झाला होता, त्यात सिमेंट भरायचं होतं. मी खुर्चीत आडवा, तोंडात कापसाचे बोळे, ओठाला लाळ ओढायची नळी लटकलेली. बाईंनी दाढ कोरता कोरता विचारलं, "काका, ते गोदामाचं पुस्तक तुमच्याकडेही आहे ना? कुठवर आलात?"

मी म्हणालो, "आँ."

"मुनीम छपरावर चढतो तिथवर?"

मी जिवाच्या आकांतानं म्हणालो, "आँ, आँ." मला 'नको, नको' म्हणायचं होतं. बाईंना ते 'हो, हो' वाटलं असावं.

"मग आता काय लपवायचं. मला तर तेव्हाच खात्री पटली होती की हा सगळा..."

माणसाला पळता येत नाही, बोलता येत नाही, कान मिटता येत नाहीत. उरले पाय. मी पाय झाडला. तो शेजारच्या ट्रेला लागला आणि बाईंची सगळी हत्यारं खळाखळा जमिनीवर पडली. वाक्य अर्धंच राहिलं, पण सिमेंट तिरकं बसलं. अजूनही त्या दाढेत जीभ अडकते. एका खुन्याचं नाव न कळण्यासाठी मी ही किंमत मोजली आहे, हे पुढचं वाचताना लक्षात असू द्यावं.

त्याच संध्याकाळी, अर्धा गाल बधिर असताना, मी सचिवांकडे गेलो आणि म्हणालो की पुस्तकाबद्दल काय बोलावं आणि काय नाही, याचा काहीतरी नियम हवा. 'नियम' हा शब्द ऐकून सचिवांचे डोळे चमकले. निवृत्त झाल्यापासून त्यांच्याकडे कोणी आपण होऊन नियम मागायला आलेलं नव्हतं.

सभा गच्चीवर भरली. सचिवांनी पहिलाच प्रश्न टाकला की, शेवट सांगायचा नाही हे मान्य, पण शेवट नेमका कोणत्या पानापासून सुरू होतो? यावर तासभर चर्चा झाली. दुसऱ्या मजल्यावरचे विमा एजंट म्हणाले की शेवटचा दहावा हिस्सा म्हणजे शेवट, विम्यात असंच असतं. डॉक्टरीणबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या की दाढेचं मूळ कुठून सुरू होतं ते वरून सांगता येत नाही, काढल्यावरच कळतं. माझी बायको म्हणाली, "चांगल्या पुस्तकाचा शेवट पहिल्या पानावरच असतो. आपल्याला दिसत नाही, इतकंच."  सचिवांनी वहीत लिहिलं, 'शेवटाची जागा अनिश्चित,' आणि विषय तहकूब करायला निघाले.

तेव्हा मी उभा राहिलो. सभेत मी कधी बोललेलो नव्हतो, पण रंगाचा विषय निघाला असता तर बोललो असतो, आणि मला इथं रंगच दिसत होता. मी म्हणालो, चिठ्ठ्या पुस्तकात चिकटवूच नका. कपाटाच्या दाराला आतून तीन खण करू. पांढरा खण: यात शेवटाचं नावही नाही, कोणीही वाचावं. पिवळा खण: यात नुसती चाहूल, ज्याची छाती असेल त्यानं वाचावं. लाल खण: यात सगळं उघडं, पुस्तक संपवल्याशिवाय हात घालू नये. चिठ्ठी लिहा, तिच्या रंगाच्या खणात टाका.

टाळ्या पडल्या. माझ्या आयुष्यात मला टाळ्या अशा पडल्याच नव्हत्या. रंगाऱ्याचं काम संपलं की लोक फरशीवरचे डाग मोजतात. मी इतका फुगलो की पुढचं वाक्य नीट ऐकलंच नाही. सचिव म्हणत होते की कोणती चिठ्ठी कोणत्या खणात जाईल हे लिहिणाऱ्यावर सोडता येणार नाही, त्यासाठी छाननी समिती हवी, आणि कल्पना ज्यांची, अध्यक्षपदही साहजिकच त्यांचं.

मी हात जोडून पद स्वीकारलं. जिना उतरताना बायको म्हणाली, "अहो, छाननी म्हणजे काय ते कळलं ना? प्रत्येक चिठ्ठी आधी तुम्ही वाचायची."

मी पायरीवरच बसलो. शेवट कळू नये म्हणून मी जी योजना आणली होती, तिनं अख्ख्या इमारतीत एकच माणूस असा नेमला होता ज्याला सगळे शेवट कळणं बंधनकारक होतं. आणि तो मी होतो.

पण कपाट तर रंगवायचं होतं. मी गंज घासून काढला, खड्ड्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, प्रायमरचा एक हात आणि रंगाचे दोन हात दिले. हात सुकायच्या आधीच सल्लागार जमले. कोणी म्हणालं पिवळा फारच पिवळा झाला. कोणी म्हणालं पांढरा दवाखान्यासारखा वाटतो. विमा एजंटांनी बोट लावून बघितलं आणि ते बोट मग माझ्याच खांद्याला पुसलं. लाल खणाबद्दल कोणी काही बोललं नाही, आणि घोटाळा तिथंच झाला. दार उघडं असताना विजेचा माणूस मीटर बघायला आला. त्यानं लाल रंग पाहिला, धोका समजला आणि मीटर न बघताच निघून गेला. त्या महिन्याची बिलं सगळ्यांना अंदाजानं आली. लोक मला जिन्यात भेटले की बिल दाखवायचे. मी म्हणायचो की रंगात दोष नाही. ते म्हणायचे की रंगात नाहीच.

चिठ्ठ्या येऊ लागल्या. इतर पुस्तकांच्या चिठ्ठ्या मी इमानदारीनं, बोट लावून वाचायचो आणि खणात टाकायचो. 'कुलूपबंद गोदाम'ची चिठ्ठी आली की मी ती चिमट्यानं उचलल्यासारखी बायकोकडे द्यायचो आणि गॅलरीत जाऊन उभा राहायचो. ती आतून नुसता रंग पुकारायची, "लाल." "लाल." "हाही लालच." आमची व्यवस्था सुरळीत चालली होती.

तेवढ्यात बायकोच्या बहिणीचा पाय मुरगळला आणि ती तिच्याकडे मदतीला गेली. गोदामाच्या चिठ्ठ्या साचू लागल्या. सचिव रोज दारात येऊन 'प्रलंबित प्रकरणं' हे शब्द वापरू लागले. मला त्या शब्दांचा अर्थ कळला नाही, पण सूर कळला. अध्यक्षाला शोभेल असा काहीतरी मार्ग मला काढणं भाग होतं.

मी विचार केला. ज्याला शेवट फोडायचा असतो तो पाल्हाळ लावतो. आधी व्यापारी कसा, मग गोदाम कसं, मग खून. तेव्हा चिठ्ठी न वाचता नुसती लांबी बघायची. लांबलचक असेल तर लाल, मध्यम असेल तर पिवळी, एका ओळीची असेल तर पांढरी. रंगाऱ्यानं भिंत डोळ्यांनी मापावी तशा मी सगळ्या चिठ्ठ्या डोळे बारीक करून दुरून मापल्या आणि खणांत टाकून आलो. त्या दुपारी मी फार समाधानानं झोपलो.

एका ओळीची एकच चिठ्ठी होती. ती आमच्या इमारतीच्या पहारेकऱ्याची होती. पुस्तकातल्या पहारेकऱ्यावर संशय घेतल्याचं त्याला पहिल्या प्रकरणापासून लागलेलं होतं. त्यानं ते पुस्तक केबिनमध्ये बसून, दात-ओठ खात वाचून संपवलं, आणि सगळ्या पहारेकऱ्यांच्या वतीनं एका ओळीत लिहून टाकलं की पहारेकरी निर्दोष आहे, खून अमक्यानं केला. अमक्याच्या जागी नाव होतं. ती ओळ मी पांढऱ्या खणात, सगळ्यांत वर ठेवली होती.

संध्याकाळपर्यंत सगळ्यांनी ती वाचली. विमा एजंट शेवटच्या दहाव्या हिश्श्यात होते. ते बनियनवर खाली आले. त्यांचं म्हणणं होतं की हा विश्वासघात आहे आणि याची भरपाई कोणत्याच योजनेत बसत नाही. पहारेकरी म्हणाला की अध्यक्षांनी स्वतः मंजूर केलेली चिठ्ठी आहे, मग दोष त्याचा कसा. सगळे माझ्या दारात आले. आता मी त्यांना कोणत्या तोंडानं सांगणार, की बाबांनो, मी चिठ्ठी वाचलीच नाही? मी दाराच्या फटीतून म्हणालो, "नाव तेवढं कोणी उच्चारू नका." यावर विमा एजंटांनी माझ्याकडे जे पाहिलं, ते मी अजून विसरलेलो नाही.

सचिवांनी प्रकरण हातात घेतलं. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये नोटीस लागली.

एक गोष्ट सांगायला हवी. नव्या वाचकाला अक्षर दिसलं की वाचावंच लागतं. तुम्ही जुने वाचक पाटीकडे बघून न वाचता पुढे जाऊ शकता, आम्हाला ते जमत नाही. मी औषधांचे कागद वाचतो, मोटारींच्या मागचं वाचतो, बंद दुकानाच्या फळीवरचं वाचतो. लिफ्टमध्ये शिरलो, दार मिटलं, समोर नोटीस. मी सुरुवात केली. 'सर्व रहिवाशांना कळविण्यात येते की...' माझ्या वेगानं चौथा मजला येईपर्यंत मी फार तर दुसऱ्या ओळीवर पोचलो असतो आणि सुखरूप बाहेर पडलो असतो. पण लिफ्ट तिसऱ्यावर थांबली. दारात सचिव. मी वाचतोय हे पाहून त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी पाऊल अडकवून दार धरून ठेवलं.

"वाचा, वाचा. सावकाश होऊ द्या. मी आहे उभा."

मी वाचत गेलो. नोटिशीत म्हटलं होतं की पांढऱ्या खणात अनवधानानं आलेल्या चिठ्ठीतील 'खून अमक्यानं केला' या मजकुराकडे रहिवाशांनी पूर्णपणे दुर्लक्ष करावं. अमक्याच्या जागी नाव होतं. टाइप केलेलं, ठळक.

सचिव म्हणाले, "भाषा कशी वाटली?"

मी म्हणालो, "स्पष्ट आहे."

घरी आलो. पुस्तक टेबलावर होतं, मोराच्या पिसाची खूण घातलेलं, थोडीच पानं राहिलेली. मी खूण काढली, पुस्तक मिटलं आणि कपड्यांच्या कपाटात, लोकरी शालीखाली ठेवून दिलं. त्या दिवसापासून मी लिफ्टमध्ये पाय ठेवला नाही. मजला चौथा आणि गुडघे माझे, पण माणसाला थोडा तरी ताठा हवा.

दोन दिवसांनी बायको आली. पिशवी खाली ठेवता ठेवताच तिनं टेबलाकडे पाहिलं.

"पुस्तक संपलं?"

"नाही. कळलं कोणी केला ते."

"आणि राहिलेली पानं?"

मी चहाचं आधण ठेवायला उठलो. "कळलं ना कोणी केला. बाकी काही विशेष नाही."

माझ्या तोंडून ते वाक्य सहज गेलं. पण तिनं ते माझ्याच तोंडून कितीतरी वेळा ऐकलेलं होतं, त्या पत्रांच्या गोष्टीत.  पिशवी तशीच टाकून, चपला घालून ती खाली गेली. मला वाटलं दूध आणायला गेली असेल. ती बऱ्याच वेळानं आली, आणि दूध नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी जिना चढत असताना पहारेकरी मागून आला. अंग चोरून उभा राहिला आणि म्हणाला, "काका, त्या चिठ्ठीत माझी जरा चूक झाली. पान उलटताना दोन पानं एकदम उलटली. खून पहारेकऱ्यानंच केलाय." हे म्हणताना बिचाऱ्याच्या चेहऱ्यावर, साऱ्या जातभाईंचा घात केल्यासारखी अवकळा आली होती.

मी चक्रावलो. दुपारी डॉक्टरीणबाईंनी सिमेंट तपासायला बोलावलं. या खेपेला तोंडात काही घालण्याआधीच त्या म्हणाल्या, "काका, तुम्हाला म्हणून सांगते. आत्या. ती बाई मला पहिल्यापासूनच बरी वाटली नव्हती." विमा एजंट जिन्यात भेटले, अजून घुश्श्यातच होते, पण थांबले. "आत्महत्या आहे," ते म्हणाले, "आणि म्हणूनच कुटुंबाला एक पैसा मिळत नाही." मुलाचा फोन आला. धंद्याचं काहीबाही बोलून झाल्यावर म्हणाला, "बाबा, तो भागीदार असतो हां." त्यानं पुस्तक उघडलेलंही नव्हतं. मी पांढरा खण उघडला, तर त्यात चिठ्ठ्यांचा ढीग, आणि प्रत्येकीत वेगळा खुनी. एका चिठ्ठीत तर गोदामाच्या मांजरावर आळ होता.

संध्याकाळी कोणीतरी म्हणालं की लिफ्टमध्ये नवी नोटीस आहे. मी ताठा बाजूला ठेवून आत शिरलो. वर लिहिलं होतं 'शुद्धिपत्रक'. खाली, आधीच्या नोटिशीत खुन्याचं नाव टंकलेखनाच्या चुकीमुळे अशुद्ध पडलं असून त्याऐवजी मुनीम असं वाचावं. सही सचिवांची.

मी लिफ्टमध्ये तसाच उभा राहिलो. लिफ्ट वर गेली, खाली आली, परत वर गेली. आता मला इतके खुनी माहीत होते की एकही माहीत नव्हता. हे मला रंगाऱ्याला नीट समजलं. एका भिंतीवर इतक्या जणांनी इतके हात चढवले की खाली मूळ रंग कोणता होता, हे बघून सांगता येत नाही. ते कळायचं असेल तर एकच उपाय असतो. घासत जायचं.

शालीखालून पुस्तक काढलं. बायको भाजी निवडत होती. तिनं खुर्ची फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

पुढे रोज दुपारी आम्ही तसेच बसायचो. मुनीम छपरावरून उतरला. डॉक्टरानं बॅग उघडली. एका पानावर नुसतं आत्याच्या दिवा पुसण्याचं वर्णन होतं. त्याचा खुनाशी काडीचा संबंध नव्हता, आणि मी ते दोनदा वाचलं. मग गोदामाची कडी आतून कशी लागली ते आलं. मग शेवटचं पान आलं. त्या पानावर बोट खाली खाली सरकत गेलं आणि कोऱ्या कागदावर आलं.

मी पुस्तक मिटल्याचा आवाज झाला असावा. भिंतीकडे बघतच बायकोनं विचारलं, "कुठवर आलात?"

"पोचलो."

ती वळली. मी म्हणालो, "हे सगळ्यांना तू सांगितलंस ना?"

"कोणाला काय सांगितलं?" ती म्हणाली, आणि लगेच भाजीत मान घातली. पण तेवढ्यात मला दिसायचं ते दिसलं. बाकीची अक्षरं मला उशिरा आली. हा चेहरा मी लग्नापासून वाचतोय, आणि तो वाचायला मला बोट लावावं लागत नाही.

सचिवांचे आभार मानायला मी तिसऱ्या मजल्यावर गेलो. पण आभार मानायचे म्हणजे बिंग फोडल्यासारखं. म्हणून मी एवढंच विचारलं की शुद्धिपत्रक काढायला त्रास झाला का.

सचिवांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "माझ्या सगळ्या नोकरीत माझ्या सहीच्या कागदाला शुद्धिपत्रक काढावं लागलं नाही. हे पहिलं." आणि चष्मा लावून त्यांनी विषय बदलला. त्यांची पहिली नोटीस बरोबर होती की शुद्धिपत्रक, की दोन्ही चूक, हे मला आता माहीत आहे. इथं लिहिणार नाही. पुस्तक अजून कपाटात आहे, आणि कोण सांगावं, तुम्ही उद्या आमच्या इमारतीत राहायला याल.

राहिली माझी चिठ्ठी. स्वतःच्या मनानं लिहिलेला माझा तो पहिलाच मजकूर. खूप वेळ लागला. लिहिलं ते असं: 'सगळं वाचलं. शेवट आहे. बाकीचं सगळं विशेष आहे.' अध्यक्ष या नात्यानं ती मीच तपासली, शेवट कुठं फुटत नाही याची खात्री केली, आणि पांढऱ्या खणात ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर चिठ्ठी तिथं नव्हती. सचिवांनी तिच्यावर शेरा मारला होता: 'पुस्तकाला शेवट असल्याचे सूचित होते.' आणि ती उचलून पिवळ्या खणात टाकली होती.

अजून ती तिथंच आहे. मी तक्रार केलेली नाही. पिवळा फार पिवळा झालाय, हे मात्र मलाही आता पटतं.